तिसऱ्या खाचेतलं कार्ड

१

मेघवर्ण डायकेम या रंगाच्या कारखान्यात दोन माणसं मेली मंगळवारी. शुक्रवारी सकाळी त्यांच्या मरणाचा दोष एका टेलिफोन ऑपरेटरच्या नावावर टाकणारा कागद माझ्या टेबलावर आला. त्यावर फक्त माझी सही व्हायची होती.

कागद घेऊन आले होते अंकलेश्वरचे फौजदार गोहिल. उन्हानं रापलेला, हळू बोलणारा माणूस. टोपी मांडीवर ठेवून त्यांनी ताकाचा ग्लास एका दमात संपवला.

"तरुबेन, गोष्ट सरळ आहे," ते म्हणाले. "तीन वाजून अठरा मिनिटांनी ओलियमच्या, म्हणजे जहाल गंधकाम्लाच्या, टाकीचा व्हॉल्व्ह फुटला. सगळीकडे पांढरा धूर. आतल्या माणसांनी ऑपरेटरला फोन केला, फायर स्टेशनला कळव म्हणून. तिनं कळवलं नाही. बोर्ड सोडून गेटवर पळाली. गेटवरच्या मोबाइलवरून फोन गेला तो तीन चाळीसला. बावीस मिनिटं गेली. तेवढ्यात आतले दोघं संपले."

रसायनाच्या कारखान्यात मोबाइल आत नेऊ देत नाहीत, ठिणगीची भीती. सगळ्यांचे मोबाइल गेटवरच्या कप्प्यांत पडलेले असतात.

"ऑपरेटर काय म्हणते?"

"रेवाबेन परमार तिचं नाव. म्हणते, सारखी फिरवत होते, बाहेरची लाइन मिळतच नव्हती, गेटवरही कोणी उचलेना, म्हणून शेवटी पळाले. पण तुमच्या मशीनच्या यादीत त्या वेळात बाहेर गेलेला एकही फोन नाही. टेलिफोन खात्याचं पत्र आहे, लाइन शाबूत होती. राहिलं तुमचं कार्ड. ते चांगलं आहे एवढं लिहून द्या, म्हणजे मी मोकळा."

मी सव्वीस वर्षं भरूचच्या टेलिफोन एक्स्चेंजात काढली, आधी ऑपरेटर म्हणून, मग टेस्ट डेस्कवर. निवृत्तीनंतर इथे, कारखान्यांना टेलिफोनची यंत्रं विकणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या कंपनीत. मेघवर्णचं यंत्र आमचंच. त्यांच्या बाहेरच्या तीसही लाइन एका डिजिटल जोडीवरून येतात आणि यंत्राच्या तिसऱ्या खाचेतल्या एका कार्डात शिरतात. आतल्या आतलं बोलणं दुसऱ्या कार्डांवर चालतं. तिसऱ्या खाचेतलं कार्ड गेलं, तर कारखाना आपसात हवं तेवढं बोलेल, जगाला मात्र मुका. आणि मशीनची यादी फक्त लाइन मिळालेले फोन लिहिते. लाइन न मिळता आपटलेल्या बोटांची नोंद कुठेच होत नाही.

म्हणजे रेवा परमार खोटी की खरी, हे वहीएवढ्या एका हिरव्या पट्टीवर ठरणार होतं.

"तपासल्याशिवाय मी सही करत नाही," मी म्हटलं.

"तपासू ना, मासी," शेजारी उभा असलेला केयूर म्हणाला. "दोन तासांचं काम."

केयूर आमचा मुख्य तंत्रज्ञ. चौतिशीचा, एका मुलीचा बाप. नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकायला आला तेव्हापासून मला मासी म्हणतो. मेघवर्ण त्याच्याच यादीत होतं.

"तिथून तक्रारी येत होत्या का रे?" मी विचारलं.

"किरकोळ. कुठे नसतात? बंद-चालू केलं की चालायचं."

गोहिल उठले. "आज संध्याकाळपर्यंत द्या, बेन. बेपर्वाईनं मृत्यू घडवल्याचा गुन्हा आहे. बाईला दवाखान्यातूनच ताब्यात घ्यायचंय."

२

सिव्हिल हॉस्पिटलात रेवाच्या खाटेशी एक पोलीस बाई खारे शेंगदाणे सोलत बसली होती. रेवा चाळिशीची असेल. नाकात नळी, ओठ भाजल्यासारखे. जिचा आवाज हीच जिची नोकरी, ती आता फक्त कुजबुजू शकत होती.

"मी पण बोर्डावर बसलेली आहे," मी सांगितलं. "एकच विचारते. बाहेरच्यासाठी शून्य दाबल्यावर कानात काय यायचं? एंगेज?"

तिनं मान हलवली. "काहीच नाही. टोन नाही, खरखर नाही. विहिरीत पाहावं तसं."

खोटं बोलणारी बाई 'एंगेज येत होतं' म्हणाली असती. सगळे तेच म्हणतात. ही निव्वळ शांतता यायला कार्ड एका विशिष्ट रीतीनं मरावं लागतं. त्याचा हिरवा दिवा जळत राहतो, खात्याच्या बाजूला लाइन शाबूत दिसते, पण कार्ड फोन घेतही नाही आणि देतही नाही. डोळे उघडे ठेवून मेलेल्या माणसासारखं.

"पहिल्यांदाच झालं असं?"

"नाही बेन. दुपारचं..." ती म्हणाली आणि खोकल्यानं तिला धरलं. नर्स धावत आली. मला बाहेर काढताना पोलीस बाई म्हणाली, "रोज असंच. बोलायला जाते आणि अडकते."

दुपारचं काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

३

मेघवर्णच्या पहिल्या युनिटमध्ये पिवळा रंग बनतो. तिथे भिंती पिवळ्या, चिमण्या पिवळ्या, कामगारांचा घामसुद्धा पिवळा. अपघातानंतर उत्पादन बंद होतं, तरी चपलेखाली तीच पूड करकरत होती.

प्रशासन सांभाळणारे हरनीशभाई दलाल आम्हाला दारातच भेटले. पांढरा झुळझुळीत सदरा, मनगटावर लाल धागा.

"या बेन. फार वाईट झालं. उकडभाई वसावासारखा माणूस गेला, वीस वर्षं टाकीवर होता. सोबत सुपरवायझर पण गेला. आणि कशामुळे? बोर्डावरच्या बाईचं धैर्य सुटलं म्हणून."

"तुम्ही स्वतः फोन लावून पाहिला होता का त्या वेळी?"

"मी तेव्हा बँकेत होतो." उत्तर पटकन आलं. "कार्ड चांगलं आहे हो. केयूरभाईंना विचारा."

केयूर यंत्राच्या खोलीचं सील काढणाऱ्या शिपायाकडे बघत होता.

त्या खोलीच्या तीन चाव्या होत्या. एक हरनीशभाईंकडे, एक रेवाच्या खणात आणि तिसरी इलेक्ट्रिशियन चंपकभाईंकडे. चंपकभाई पन्नाशीचे, खांदे पडलेले. खोली उघडली तशी आतून भट्टीसारखी झळ आली.

"इथला एसी?" मी विचारलं.

"जेवणानंतर बंद करतो," चंपकभाई म्हणाले. "एप्रिलपासून तसा हुकूम आहे. वीज वाचवायची."

"कोणाचा हुकूम?"

त्यांनी हरनीशभाई दूर गेलेत का ते पाहिलं. "हुकूम म्हणजे हुकूम, बेन. मी बत्ती-पंखेवाला माणूस. या यंत्रातलं मला काही कळत नाही. आणि कालपासून माझी बदलीपण झालीय. पानोलीच्या दुसऱ्या युनिटला. आज फक्त चावी द्यायला आलो."

अपघात मंगळवारी, पंचनामा बुधवारी आणि बदली गुरुवारी. हे मी डोक्यात ठेवलं.

कार्डं सगळी स्वच्छ होती. त्यात नवल नव्हतं, महिन्याला एकदा केयूर ब्रशनं ती झाडायचा. मी तिसऱ्या खाचेतलं कार्ड काढलं. क्रमांक ४४१८. आमच्या बिलात मेघवर्णला एकाच दिवशी दिलेली दोन कार्डं होती, ४४१७ आणि ४४१८, दोन युनिटांसाठी. कुठलं कुठे बसवलं याची नोंद नव्हती.

मी ते पुन्हा खोचलं आणि तपासायला लागले. तीसही लाइनवरून फोन लावले, घेतले. मग घरून आणलेला केस वाळवायचा ड्रायर त्याच्यावर धरला. कमजोर सांधा असेल तर उष्णतेनं उघडा पडतो. वीस मिनिटं, तीस, चाळीस. केयूर घाम पुसत हातातल्या टेलिफोनवर शून्य दाबत होता आणि दर वेळी टोन येत होता.

"झालं, मासी. चांगलं आहे," तो म्हणाला. "सही करून टाका."

मलाही दुसरं काही सुचेना. रेवाची ती शांतता मग मनाचीच होती म्हणायची. तपासणी झाली की कार्ड एकदा बाहेर काढून त्याचे सोनेरी दाते स्पिरिटनं पुसायची माझी जुनी सवय आहे. कापसाचा बोळा भिजवला आणि दात्यांवरून फिरवला. कोरडी रंगाची पूड कणभर असली तर डोळ्यांना दिसत नाही, ब्रशनंही जात नाही. स्पिरिट लागलं की फुलते.

मी बोळा खिडकीशी नेऊन पाहिला. पिवळ्या कारखान्यातलं कार्ड पुसलेला तो बोळा निळा झाला होता.

४

मी सही केली नाही. डोकं दुखतंय, उद्या देते, असं सांगून निघाले. बोळा पाकिटात घालून पर्समध्ये ठेवला. का ते माझं मलाच सांगता आलं नसतं, पण मी तो केयूरलाही दाखवला नाही.

पानोलीचं दुसरं युनिट अर्ध्या तासावर. तिथे निळा रंग बनतो.

तिथल्या बोर्डावर नटुकाका नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. कंपनीचं ओळखपत्र दाखवल्यावर त्यांनी हातच जोडले.

"बरं झालं आलात. तक्रार देऊन दोन दिवस झाले. बुधवारपासून दुपारी एसी बंद झाला की फोन मरतात. आतलं आत चालतं, बाहेरचं नाही."

"त्याआधी?"

"त्याआधी तीन वर्षं एक दिवस नाही. वर्गात पहिला येणाऱ्या पोरासारखं यंत्र होतं हो."

"बाहेरचं लागत नाही तेव्हा कानात काय येतं, काका?"

त्यांनी जरा विचार केला. "काहीच येत नाही. तेच तर विचित्र."

यंत्राच्या खोलीत मी एकटीच गेले. तिसरी खाच. कार्ड बाहेर काढलं, क्रमांक ४४१७. बोळा भिजवला, दात्यांवरून फिरवला. पिवळा. हळदीत बुडवल्यासारखा पिवळा.

कार्ड पुन्हा लावून ड्रायर धरला. एका हातात टेलिफोन. अकराव्या मिनिटाला शून्य दाबलं आणि टोन आला नाही. खरखरही नाही. कार्डावरचा दिवा हिरवागार जळत होता.

मंगळवारी दुपारी रेवा परमारनं बोर्डावर बसून जे ऐकलं, ते आता मी ऐकत होते. मी जरा जास्तच वेळ तो टेलिफोन कानाला धरून उभी राहिले.

मग यंत्राची रोजनिशी उघडली. हे यंत्र त्याच्या पोटात काय घातलं, काय काढलं, कोणत्या मिनिटाला, हे स्वतःच लिहून ठेवतं. ते पान कुठे असतं हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. पासवर्ड घालून मी शेवटच्या नोंदी वाचल्या आणि खाली बसले.

५

गोहिलांना मी पानोलीलाच बोलावून घेतलं. दोन्ही बोळे त्यांच्यासमोर ठेवले, ड्रायर लावून कार्ड मारून दाखवलं.

"म्हणजे अदलाबदल," ते म्हणाले.

"हो. आजारी कार्ड पहिल्या युनिटचं. दुपारी एसी बंद, खोली तापायची, कार्ड जायचं. यंत्र बंद करून थंड झाल्यावर सुरू केलं की पुन्हा चालायचं. मंगळवारी सव्वातीनला ते मेलेलं होतं. अपघातानंतर कोणीतरी इथलं चांगलं कार्ड तिथे नेलं आणि तिथलं आजारी इथे आणून खोचलं. खाच रिकामी ठेवली असती तर त्याच दिवशी बोंब झाली असती."

"चंपक," गोहिल म्हणाले. "चावी त्याच्याकडे, आणि लगेच बदली इथे. गप्प राहायचं बक्षीस म्हणून नाहीतर नजरेआड म्हणून."

"चंपकभाई कार्ड उपसू शकतील, खोचू शकतील. पण एका यंत्रातलं कार्ड दुसऱ्यात नुसतं खोचून चालत नाही. यंत्राला त्याची ओळख करून द्यावी लागते. त्याला आमचा पासवर्ड लागतो. आणि ही रोजनिशी बघा. इथे मंगळवारी संध्याकाळी सहा दहाला कार्ड काढलं, साडेसातला दुसरं घालून ओळख करून दिली. पहिल्या युनिटची रोजनिशी उघडलीत तर मधली वेळ तिथे सापडेल."

गोहिलांनी गेटवरची वही मागवली. मंगळवारच्या पानावर एक पांढरी गाडी दोनदा आत आली होती, सहाला आणि सव्वासातला. वॉचमननं गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: हरनीशसाहेब व एक.

"दोन माणसं गेली त्याच संध्याकाळी इथे दोनदा," मी म्हटलं.

"तो एक कोण?" गोहिलांनी वहीवर बोट ठेवलं. "पासवर्ड किती जणांना माहीत आहे?"

"तिघांना. आमचे शेठ दोन महिने मुलीकडे नैरोबीला आहेत."

"दुसरं?"

"मी."

त्यांनी तिसरं नाव विचारलं नाही. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं. फक्त म्हणाले, "बेन, उद्या दुपारी बारापर्यंत मी तुमच्याकडे येत नाही. बारानंतर यावंच लागेल."

६

शनिवारी सकाळी ऑफिस उघडून केयूर नेहमीसारखा टेबल पुसत होता. मी दोन्ही पाकिटं त्याच्यासमोर ठेवली आणि त्यातले बोळे बाहेर काढले. निळा आणि पिवळा.

त्याचा हात थांबला. फडकं त्यानं बाजूला ठेवलं.

"ब्रशनं साफ केली होती मी दोन्ही," तो शेवटी म्हणाला.

"ब्रशनं जात नाही. आणि यंत्र रोजनिशी लिहितं. ते पान मी तुला कधी दाखवलं नव्हतं."

तो स्टुलावर बसला. "मासी, हरनीशभाईंचा फोन आला पाच वाजता. म्हणाले, सकाळी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार, कार्ड नादुरुस्त सापडलं तर तू पण आत आणि मी पण आत. गाडी दारात उभी होती. मला वाटलं, मेलेले परत येत नाहीत. निदान चांगलं कार्ड बसेल, उद्या दुसऱ्या कोणाचा जीव जाणार नाही."

"आणि पानोलीत काही झालं असतं तर?"

त्यानं पिवळा बोळा उलटा करून ठेवला.

"रेवाचं नाव कधी कळलं तुला?"

"बुधवारी रात्री पेपरवाल्यांकडून. आईशप्पथ मासी, ते तिच्यावर टाकतील हे मला माहीत नव्हतं."

"बुधवारी कळलं. काल शुक्रवारी माझ्या शेजारी उभं राहून मला म्हणालास, सही करून टाका."

त्याचे डोळे भरले, पण मी नजर काढली नाही. या मुलाच्या मुलीचं नाव मी ठेवलं होतं.

"कार्ड जातंय हे कधीपासून माहीत होतं?"

"एप्रिलपासून. रेवाबेननी चार वेळा तक्रार लिहिली. मी दर वेळी हरनीशभाईंना सांगितलं, नवीन कार्ड घ्या, नाहीतर निदान एसी चालू ठेवा. ते म्हणायचे, बघू, पावसाळ्यात थंड होईल आपोआप. मग मी यंत्र बंद-चालू करायचो आणि चिठ्ठीवर लिहायचो, दुरुस्त."

"दुरुस्त नव्हतं ना?"

"नव्हतं." त्यानं प्रथमच वर पाहिलं. "पण मासी, त्या चिठ्ठ्या तुमच्या टेबलावर यायच्या. माझ्या सहीखाली तुमची सही आहे. चारही चिठ्ठ्यांवर."

मी उठून कपाट उघडलं. एप्रिलपासूनच्या गठ्ठ्यात त्या होत्याच. 'बाहेरची लाइन दुपारी दोननंतर बंद होते. आग-अपघाताच्या वेळी काय करायचं? कृपा करून कायमचा इलाज करा. रेवा परमार.' वळणदार, शाळेतल्या बाईंसारखं अक्षर. खाली केयूरची सही. त्याखाली माझी, चारही वेळा एकसारखी, न वाचता केलेली. बंद-चालू करून चालत असेल तर तक्रार मिटव, हेही त्याला शिकवणारी मीच.

मी चारही चिठ्ठ्या गठ्ठ्यातून सोडवून घेतल्या. मागून केयूर म्हणाला, "मी जातो ठाण्यात. तुम्ही येऊ नका."

"येते," मी म्हटलं. "मलाही लिहून द्यायचंय."

बाराला दहा कमी असताना आम्ही गोहिलांच्या टेबलासमोर बसलो. त्यानं त्याचा जबाब लिहिला, मी माझा रिपोर्ट. बोळे, कार्डांचे क्रमांक, रोजनिशीतल्या वेळा, गेटची वही. शेवटी चार चिठ्ठ्या जोडल्या आणि लिहिलं, की या चारही तक्रारी खाली सही करणारीच्या हाताखालून गेल्या, आणि तिनं त्या वाचल्या नाहीत.

गोहिलांनी वाचून मला विचारलं, "हे शेवटचं वाक्य ठेवायचंय?"

"ठेवा."

७

हरनीशभाईंना त्याच संध्याकाळी सुरतेला जाताना पकडलं. त्यांनी सगळं केयूरवर ढकललं. पण चंपकभाईंनी एसीचा हुकूम लेखी जपून ठेवला होता, आणि तोच पुढे कोर्टात हरनीशभाईंना महागात पडला. केयूरला दीड वर्षाची शिक्षा झाली. मला ताकीद मिळाली. मी नोकरी सोडली. ते कोणी मागितलं नव्हतं.

रेवावरचा गुन्हा मागे घेतला गेला. तीन आठवड्यांनी तिला घरी सोडलं त्या दिवशी मी रिपोर्टची प्रत घेऊन गेले. तिनं तो सबंध वाचला. चार चिठ्ठ्यांपाशी आली तेव्हा माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही तसं काही मागितलं नाही.

"यात एक राहिलंय," ती म्हणाली. आवाज अजून कागद घासल्यासारखाच होता.

"काय?"

"आतल्या लाइन चालू होत्या. टाकीवरून उकडभाई मला फोन करत होते. तीनदा केला. गाडी निघाली का, बेन? मी हो म्हटलं. तिन्ही वेळा." तिनं कागदाची घडी घातली. "बाहेर एक फोन गेला नव्हता आणि मी म्हणत होते, निघाली, आता पोचेल. मला वाटलं, धीर द्यावा. नाही म्हटलं असतं तर ते व्हॉल्व्ह सोडून पळाले असते. वाचले असते."

मी म्हटलं, "पळाले असते तर धूर वस्तीत गेला असता."

"ते तुम्ही म्हणता. मला त्यांच्या घरी जायचंय. एकटीला जमणार नाही."

उकडभाईंचं घर वालियाच्या पलीकडे, टेकडीच्या उतारावर. कुडाच्या भिंती शेणानं सारवलेल्या, आंब्याखाली एक खाट. त्यांची बायको सोमीबेन मका सोलत होती. गोरी-घारी, उंच बाई, कपाळ मोकळं. आम्ही कोण ते ऐकल्यावर तिनं खाटेकडे हात केला आणि सोलणं चालू ठेवलं.

रेवा खाटेवर बसली नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसून तिनं सगळं सांगितलं. मध्ये दोनदा खोकल्यानं अडली, तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं थांबवलं. आपण खोटं बोललो, हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तेही तिन्ही वेळचं.

सोमीबेनच्या हातातलं कणीस अर्धं सोललेलं राहिलं.

"शेवटच्या वेळी तू गाडी येतेय म्हटल्यावर काय म्हणाला तो?" तिनं विचारलं.

"म्हणाले, ठीक आहे बेन. तोवर धरून ठेवतो."

सोमीबेननं मान हलवली. एकदा, मग पुन्हा.

"त्याला कोणी वाट बघ म्हटलं की तो बघायचा," ती म्हणाली. "लग्नाला हो म्हणायला माझ्या बापानं त्याला सात महिने नुसतं बसवलं होतं."

ती उठून आत गेली. आम्हाला वाटलं, आता ती बाहेर येणार नाही. रेवा उठायला लागली, तिला उभं राहायलाही माझा हात लागत होता. तेवढ्यात सोमीबेन पाण्याचे दोन लोटे घेऊन आली. एक माझ्या हातात दिला. दुसरा रेवाच्या हातात देताना तिनं तो सोडला नाही, रेवाचं पिऊन होईपर्यंत तसाच धरून ठेवला.